भिंतीपलीकडची संस्कृती

बाबांना मुख्याध्यापक व्हायचं होतं आणि त्यात आता एकच अडचण उरली होती, ती म्हणजे संस्कृती. संस्थेने कळवलं होतं की शाळेत हल्ली चहूकडची मुलं येतात, तेव्हा खुर्चीत बसणाऱ्याने ‘सांस्कृतिक विविधता आणि शिक्षक’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण करावा. नाहीतर खुर्ची कवायतीच्या सरांना. त्यांनी तो आधीच पूर्ण केला होता, हे बाबांना फार लागलं होतं.

“तो माणूस मुलांना नावानेसुद्धा हाक मारत नाही,” बाबा म्हणाले, “शिट्टी मारतो!”

“शिट्टी सगळ्या संस्कृतींत कळते,” आई म्हणाली.

आई दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवते. तिच्याही शाळेने हाच अभ्यासक्रम सक्तीचा केला होता, पण तिला कुठल्याच खुर्चीत बसायचं नसल्यामुळे ती तो स्वयंपाकघरात उभ्याने करत होती. बाबा भूगोल शिकवतात, ते बेडरूममध्ये दार लावून बसले होते. मी दोघांची एकुलती एक मुलगी असल्याने घरातली तंत्रज्ञही मीच. पासवर्ड विसरला की मला हाक यायची, आलटून पालटून, दोन्ही खोल्यांतून.

धडे झाले, चित्रफिती झाल्या. शेवटचा टप्पा होता ‘संवाद’. आधी एक लांबलचक प्रश्नावली भरायची, मग कॉम्प्युटर सगळ्या शिक्षकांची उत्तरं ताडून तुमच्यापेक्षा सर्वांत वेगळा माणूस शोधणार आणि त्याच्याशी बोलायला लावणार. न कळवता पाहुणे आले तर काय वाटतं? बाबांनी लिहिलं, “आनंदाला पारावार राहत नाही.” आईने लिहिलं, “दिवा बंद करते.” मतभेद झाल्यास? बाबा : “मोकळी चर्चा.” आई : “भांडी घासते.” मी दोन्हीकडे जाऊन येऊन असल्यामुळे दोन्ही वाचलं, पण कोणाला काही बोलले नाही. तंत्रज्ञाने गुप्तता पाळायची असते.

रविवारी चार वाजता बाबांच्या पडद्यावर उमटलं : ‘आपल्यापासून सांस्कृतिकदृष्ट्या सर्वाधिक दूर असलेले शिक्षक सापडले आहेत. अंतर : कमाल.’

बाबा हरखले. त्यांनी शर्ट बदलला. पृथ्वीचा गोल टेबलावर असा ठेवला की कॅमेऱ्यात अर्धा तरी दिसावा. “समुद्रापलीकडचा असणार कुणीतरी,” ते म्हणाले. “दोन तरी समुद्र.”

पडदा उघडला. मागे डब्यांची फळी होती. फळी ओळखीची होती. डब्यांपुढे आई उभी होती.

“अगं, तू काय करतेस इथे?” बाबा ओरडले.

ते आईच्या लॅपटॉपमधून बाहेर आलं, भिंतीतून परत आलं आणि दोन्ही माइकमध्ये शिरून असं केकाटलं की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

“मला सगळं दोनदा ऐकू येतंय!” बाबा म्हणाले.

“मला तेवीस वर्षं येतंय,” आई म्हणाली.

मी दोघांना हेडफोन दिले. बाबांनी मला भिंतीकडे बोट करून विचारलं, “ही कॉम्प्युटरची चूक ना?” मी मदतीच्या क्रमांकावर विचारलं. तिथल्या माणसाने तपासून सांगितलं की चूक नाही, इतकी वेगळी उत्तरं देणारी जोडी त्यांना आजवर मिळालीच नव्हती, अभिनंदन.

नियम सोपा होता. पंधरा मिनिटं बोलायचं. मग दोघांनी एकमेकांना पाचपैकी गुण द्यायचे : ‘जोडीदाराने माझं ऐकून घेतलं.’ चारच्या खाली आलं तर नापास. संधी दोनच.

“काय, घरचाच परीक्षक!” बाबा खुशीत आले आणि बोलायला लागले. स्वतःच्या संस्कृतीपासून सुरुवात केली. आजोबा, पणजोबा, आत्याचं लग्न, आत्याच्या लग्नात हरवलेली बॅग. आईने दोनदा तोंड उघडलं. एकदा बाबा म्हणाले, “थांब, हे संपू दे.” दुसऱ्यांदा म्हणाले, “तेच सांगतोय.” बॅग सापडायच्या आत वेळ संपली.

आईने गुण दिले. बाबा हेडफोनच्या वायरसकट स्वयंपाकघरात धावले.

“एक?”

“हजेरीचा.”

“अगं, खुर्ची जाईल माझी! ड्रिलवाला बसेल तिथे. उठता-बसता शिट्टी! वीस वर्षं वाट पाहिली मी.”

“म्हणून तर खरे गुण दिले. उद्या त्या खुर्चीसमोर एखादी बाई काही सांगायला आली, तर तिला पण बॅगेचीच गोष्ट सांगणार?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होते.

“चार-चाळीसला एक वेळ मोकळी दाखवतोय,” मी म्हटलं. “शेवटची.”

दुसऱ्या वेळी बाबांनी गोल खाली ठेवला, हात मांडीखाली घेतले आणि म्हणाले, “नमस्कार मॅडम. आपल्या संस्कृतीविषयी सांगा.”

“आमच्या माहेरी,” आई म्हणाली, “माणूस गप्प बसला तर तो दमलेला असतो. त्याच्याजवळ आणखी एखादं माणूस येऊन गप्प बसतं. तुमच्या घरी सगळे एकदम बोलतात. ऐकायला कुणी शिल्लकच नसतं. तिथे गप्प म्हणजे रागावलेला. मी शाळेतून येऊन टेकते, तुम्ही विचारता, काय झालं? काही नाही म्हटलं की, माझं काय चुकलं? चुकलं नाही म्हटलं की, मग तोंड का पाडलंस?”

बाबा पडद्याकडे झुकले. “म्हणजे तू रागावलेली नसायचीस?”

“नाही.”

“कधीच?”

“तिसऱ्यांदा विचारलंत की व्हायचे.”

बाबा तेवीस वर्षांच्या संध्याकाळी एकेक करून तपासत असावेत.

“आता,” आई म्हणाली, “मी आमच्याकडची पद्धत करून दाखवते.” आणि स्टुलावर बसून गप्प झाली.

बाबाही गप्प बसले. मी हे पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून दाराशी उभी राहिले. जरा वेळाने कॉम्प्युटर अस्वस्थ झाला. पडद्यावर लाल अक्षरं आली : ‘संवाद थांबला आहे. आवाज न आल्यास ही ऑनलाइन खोली बंद करण्यात येईल.’

बाबांचे डोळे बाहेर आले. बोलावं तर गुण जाणार, न बोलावं तर खोली. त्यांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात पसरले. मीही पसरले. एवढ्यात स्वयंपाकघरातून टक् असा आवाज आला. आईने चमच्याने ओट्यावर वाजवलं होतं. लाल अक्षरं गेली.

बाबांनी पेन उचललं आणि टेबलावर वाजवलं. टक्.

थोड्या वेळाने तिकडून टक्. मग इकडून. कॉम्प्युटरने हिरव्या अक्षरांत कळवलं : ‘उत्तम! दोन्ही बाजूंचा सहभाग समान आहे.’ आई डोळे मिटून भिंतीला टेकली होती. तिची पाळी आली की चमचा तेवढा हलायचा. बाबांनी एकदा खोल श्वास घेतला, एकदा ओठ उघडले, पण आतून काही येऊ दिलं नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना खोली बंद झाली आणि गुणांचा चौकोन आला.

बाबा या वेळी धावले नाहीत. चालत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. आईने बटण दाबलं.

“चार,” ती म्हणाली.

“पास!” मी म्हटलं.

बाबांच्या चेहऱ्यावर आधी खुर्ची आली, मग हिशेब आला. “एक कुठे गेला?”

“मध्येच उसासा टाकलात.”

“तो श्वास होता!”

आई काही बोलली नाही. बाबांनी पुढचा प्रश्न विचारण्यासाठी बोट वर केलं, ते तसंच क्षणभर धरलं आणि खाली घेतलं. मग दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसले.