आजोबांना प्रवास आवडतो

आजोबांना तीन लेक, आणि तिघांची घरं तीन गावांना. म्हाताऱ्याचं वर्ष भाकरीसारखं मोडून वाटलेलं: चार महिने थोरल्याकडे, चार धाकट्याकडे, चार मधल्याकडे. कुणाच्या वाट्याला जास्त नको, कुणाला कमी नको. चौथा महिना सरत आला की त्या त्या घरात कुणीतरी भांडी पुसता पुसता म्हणायचं, "आता गाडीचं बघायला हवं." मग आजोबा उठून आपली पिशवी झटकायचे.

पोचवायचं कुणी? लेकांना रजा मिळत नसे, सुनांचा पाय घरातून निघत नसे. मग थोरल्याच्या मुलीला सोबत धाडायची रीत पडली. ती एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. आठ वर्षांची असताना ती पहिल्यांदा निघाली, तेव्हा आईनं तिला बजावलं, "आजोबांचा हात सोडू नकोस गं, विसरभोळे आहेत." आणि लगेच आजोबांना, "पोरीचा हात सोडू नका हो बाबा, वांड आहे." दोघांनी गुपचूप माना डोलावल्या. काम फत्ते, एका तिकिटात दोन रखवालदार. तिच्या एकटीच्या जाण्यायेण्यापुरतं गावचं कुणीतरी गाठून सोबत देत.

आजोबांनी जन्मभर वेताच्या खुर्च्या विणल्या होत्या. घरात ते कोपऱ्यातल्या छत्रीसारखे असत, लागले तर असावेत म्हणून ठेवलेले. पण गाडी हलली की त्यांचा आवाजच पालटायचा. "भिंगरे, उन्हाकडं पाठ करून बस. डोळे दिपले की मुलूख दिसत नाही." खडखडणारी खिडकी ते वेताच्या चोयटीनं, पातळ पट्टीनं, बांधून गप्प करत. उकडलेलं अंडं स्वतःच्या गुडघ्यावर फोडून तिला देत. गाडी गावाच्या पाठीमागून निघाली की तिला हळूच कोपर मारत. "हे बघ. घरं पुढून दाखवायची असतात, मागून राहायची. गाडीतून ती मागून दिसतात. ती बाई बघ, वाळत घातलेल्या चादरीआड एकटीच हसतेय."

मधे गाडी बदलावी लागे. जोडगाडी समोर उभी असायची, तरी आजोबा खुशाल चहा मागवत. "चुकेल ना आजोबा."

"चुकू दे. तिकडं काय आपल्यावाचून चूल अडलीय?"

मग दुसरी गाडी येईपर्यंत ती दोघं फलाटावर हमालांची भांडणं ऐकत बसत, आणि आजोबा गुणगुणत:

वाट चालते चालते, तिला नाही घरदार,
ज्याचे पाय तिच्यावर, त्याचा तेवढा संसार.

भिंगरीला ते गाणं जगातलं सगळ्यात आनंदाचं वाटे. कधीमधी मुक्काम लांबला, आजोबांच्या खोकल्यामुळं निघणं पुढं गेलं, की ती हिरमुसायची. शिट्टी ऐकली की ती खिडकीच्या गजांना नाक लावून बसायची. मोठी झाले की फिरतच राहायचं, हे तिनं बाराव्या वर्षीच मनाशी पक्कं केलं.

ती सोळा वर्षांची झाली, त्या वर्षी धाकट्या काकानं नवं घर घेतलं. घर पाहायला सगळे जमले. आजोबांचे तिथले चार महिने संपत आले होते आणि पुढची पाळी मधल्याची होती. जेवणं झाल्यावर धाकटी काकू पदराला हात पुसत बाहेर आली. बाई रुग्णालयात रात्रपाळी करणारी, कमी बोलणारी.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "बाबांना आता इथंच राहू दे. मागची खोली रिकामी आहे. त्यांनी टोपीला खिळासुद्धा ठोकलाय."

थोरल्यानं मधल्याकडं पाहिलं, मधल्यानं पंख्याकडं. हो म्हणावं तर चारचौघांत नाक जातं: दोन थोरले हयात असून बाप धाकट्याच्या गळ्यात टाकला. नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर? मधल्या काकूनं तेवढ्यात टोचलं, "आमच्याकडं काय काटे आहेत का गं?"

"तसं नाही ताई. या वयात बांधाबांध नको, इतकंच."

आजोबा खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण बोट थांबलं होतं.

"अहो, पण आजोबांना प्रवास आवडतो," भिंगरी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "गाडीत बघा तुम्ही त्यांना. घरात ते असे नसतातच."

तिला ते खरंच वाटत होतं. आणि आजोबा एका जागी राहिले तर आपलीही गाडी कायमची थांबेल, हेही त्या खरेपणाच्या पोटात होतं. बुडत्याला फळी मिळावी तसे दोघे थोरले सरसावले. "बघा, पोर सोबत असते, तिला ठाऊक." "चालतं पाणी बरं, साचलं की शेवाळतं." मधली काकू मोकळं हसली. "काय बाबा, खरं का?"

आजोबांनी नातीकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विणता विणता वेत मोडावा, तशी ती नजर मधेच थांबली. मग म्हणाले, "पोर म्हणतेय ते बरोबर आहे. बसून गंजायचो मी."

सकाळी त्यांनी पकडीनं खिळा उपटला. धाकटी काकू दारात उभी होती. "राहू द्या ना बाबा. खिळा काय खायला मागतोय?"

"भोक बुजवून घे," ते म्हणाले. "नाहीतर लोकांना वाटेल, इथं कुणी राहत होतं."

गाडीत ते खिडकीशी बसलेच नाहीत. गावं मागं पडत गेली तरी कोपर काही लागेना. शेवटी भिंगरीनंच विचारलं, "आजोबा, तुम्हाला नाही आवडत?"

"काय?"

"हे. जाणं."

"तू आठ वर्षांची होतीस गं," आजोबा म्हणाले. "एका दारातून काढलेला मी, दुसऱ्या दारात टाकायला तुझ्यासोबत धाडलेला. तुझ्यासमोर रडत जायचं? म्हणून मग गाणी म्हटली." मग पिशवीचा बंद आवळत म्हणाले, "जोडगाडी चुकवायचो, ते मात्र खरं. तेवढाच उशीर."

"मला सांगायचं होतं ना."

"सांगून? तुला गोडी लागली होती. म्हटलं, एकाचं तरी भलं होतंय."

मधे जोडगाडी समोर उभी होती. आजोबा चहाला थांबले नाहीत. पिशवी उचलून तडक चढले.

मधल्या काकूनं दार उघडलं, ते हसतच. "या बाबा. शीण नसेलच झाला. आवडतं ना तुम्हाला." आणि पिशवी उचलून जिन्याखालच्या खाटेवर ठेवली. आजोबा पिशवीशेजारी बसले. टोपी त्यांनी मांडीवरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी परत निघाली. आता ती मोठी झाली होती, सोबतीला कुणी शोधायची गरज नव्हती. उन्हाकडं पाठ करून ती खिडकीशी बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. निदान आज तरी शिट्टी ऐकून काही होऊ नये, असं ती मनात घोकत होती.

शिट्टी झाली, डबा हलला, घरं मागून दिसायला लागली, आणि तिला आनंद झाला. नेहमीइतकाच झाला. त्या आनंदाचं काय करावं ते तिला तेव्हा कळलं नाही, आणि पुढं अर्धं जग पालथं घातलं तरी कळलं नाही.