मैनाबाईचा बियांचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं ते पुढे सांगतोच, पण तेवढ्यासाठी माझी कीव करू नका. कीव केलेली मला मुळीच खपत नाही.

दारव्ह्याच्या कडेला मैनाबाईचं घर आहे. घरामागे कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण घातलेली परसबाग आहे. न्हाणीचं पाणी पाटाने तिथे जातं आणि त्यावर पावसाळ्यात दोडका, चवळी, अंबाडी, हिवाळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर असं काही ना काही उगवत असतं. त्या बागेच्या मांडवावर मी लौकी, म्हणजे दुधी भोपळा, म्हणून जन्मलो. माझी भावंडं एकेक करून भाजीत गेली. माझ्या देठाला मात्र मैनाबाईने जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. या घरात चिंधी बांधलेल्या फळाला कोणी हात लावत नाही. ते बियांसाठी राखलेलं असतं. पाहुणे आले, भाजी कमी पडली, तरी नाही.

मी वेलीवरच वाळलो, कडक झालो. मैनाबाईने माझ्या मानेला भोक पाडलं, माझं बी काढून घेतलं आणि माझ्या पोटात राखेत घोळलेलं वाळकाचं बी भरलं. वर लाकडी बूच ठोकलं आणि मला चुलीवर टांगलं. धुराने मी काळा झालो, पण किड्याची काय बिशाद होती आत शिरायची!

तुम्ही वाळूक पाहिलंय का? आमच्या आळीत त्याला वायूक म्हणतात. कोवळं असताना काकडीसारखं खा, पिकलं की गुळासोबत खा. पिकल्यावर त्याचा वास घरभर फिरतो. मैनाबाईच्या आईने हे बी लग्नात तिच्या पदरात बांधून दिलं होतं. पूर्वी बाया कपाशीच्या तासांत, ओळींमध्येही वाळूक टाकायच्या. मग शेतात तणनाशक आलं. गवताबरोबर वाळकाचे वेलही गेले. आता ते फक्त आमच्या आणि शेजारच्या परसबागेत उरलं होतं आणि त्याचं बी माझ्या पोटात होतं. मला याचा गर्व होता, लपवत नाही.

पुढे घरात गॅस आला. चूल मोडली, धूर संपला आणि मला मागच्या टिनाच्या शेडमध्ये खुंटीला अडकवलं. प्लास्टिकच्या बरण्या स्वयंपाकघरात मिरवू लागल्या. एका पावसाळ्यात टिनातून माझ्यावर गळती लागली. बुचातून ओल आत गेली आणि तळाच्या राखेचा बियांसकट गोळा झाला.

यंदा मृगात मैनाबाईने मला उलटं केलं. जेवढं बी सुटं होतं तेवढं पडलं आणि तिने ओंजळभर शेजारी देऊन बाकी सगळं लावलं. वेल छान पसरले. पहिल्या मोठ्या वाळकाला तिने चिंधी बांधली. पोळा जवळ आला होता.

तिचा मुलगा खेमसिंग शेतातून फवारणीचा पंप घेऊन आला. पंपात थोडं तणनाशक उरलं होतं. कुंपणाला गुडघाभर गवत माजलं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याने ते गवतावर मारलं. वारा बागेकडे होता. दोन दिवसांत वाळकाची पानं आवळली, मग करपली. चिंधीचं फळ हिरवंच गळलं. मैनाबाईने ते चिरलं तर आतलं बी पाण्यासारखं होतं.

"साप निंघन म्हनून मारलं, याडी," खेमसिंग खाली मान घालून म्हणाला. या घरात आईला याडी म्हणतात. "मी दुसरं बी आनून देतो."

"कुठून आनशीन?" मैनाबाई म्हणाली. "माह्या आईनं देल्लेलं होतं ते."

खेमसिंगने दारव्ह्याची दुकानं पालथी घातली. सगळीकडे खरबुजाच्या चकचकीत पुड्या होत्या. मोबाईलवर गावाच्या ग्रुपमध्ये विचारलं. लोकांनी अंगठे पाठवले, बी कोणी पाठवलं नाही. तो रिकाम्या हाताने परतला. मैनाबाई मला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारची शमसुन्निसा कुंपणापलीकडून आली. दरवर्षी ती मैनाबाईकडून ओंजळभर बी नेत असे, पण यंदा तिचे वेल शेळ्यांनी फस्त केले होते. तिने मला हलवून पाहिलं.

"याच्यात गोया हाय, मैना. गोयात बी असन."

"तोंडातून निंघत नाही ना तो."

"मंग फोड."

"खेमसिंग झाला त्या सालचा तुंबा हाय हा," मैनाबाई म्हणाली आणि तिने मला पदराने पुसलं.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो की फोड, बाई, फोड. बी आतच कुजणार असेल तर माझं शाबूत राहणं काय कामाचं?

"तुंबा पुढच्या साली मांडवावर लागन," शमसुन्निसा म्हणाली. "पन हे बी पुन्हा कुठून आनशीन?"

मैनाबाई उठली. तिने कोयत्याची पाठ माझ्यावर हाणली. माझ्या एका भागाचा चुरा झाला, दुसरा वाटीसारखा उरला. गोळा कोमट पाण्यात भिजवला. काळं पडलेलं बी वर तरंगलं. थोडंसं, अगदी थोडंसं, तळाला बसलं. तेच चांगलं. ते तिने वाळवून ठेवलं.

संक्रांतीनंतर थंडी ओसरली. खेमसिंगने कुंपणाकडची माती खरवडून दूर नेली, नवी माती आणि शेणखत आणलं. पंप कायमचा शेतातल्या खोपडीत ठेवला. बी लावलं. उरलेल्या माझ्या वाटीने मैनाबाई रोज सकाळी आळ्यात पाणी घालत होती. बरेच दिवस काहीच वर आलं नाही. शेजारी म्हणाले, सोड आता. तिने पाणी घालणं सोडलं नाही. मग एका सकाळी दोन जाड पानं माती उचलून वर आली. नंतर आणखी दोन वेल आले. पानांवर लाल भुंगे बसले, तर तिने दवातच राख भुरभुरली.

उन्हाळा तापला तेव्हा एक वाळूक मोठं झालं. खेमसिंगने स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची पट्टी फाडली आणि देठाला बांधली. पिकलं तेव्हा त्याचा वास शेडपर्यंत आला. मग मैनाबाईने त्याचं बी धुतलं, वाळवलं आणि पहिली ओंजळ शमसुन्निसाच्या पदरात घातली. दुसरी तिने माहेरी पाठवली. तिसरी नव्या तुंब्यासाठी ठेवली. तो अजून मांडवावर आहे, हिरवा, चिंधी बांधलेला. सगळं बी पुन्हा एकाच्या पोटात ठेवायचं नाही, असं तिने खेमसिंगला बजावलं आहे.

मी आता आळ्याजवळ पडलेला असतो. कडा झिजल्या आहेत, पण पाणी गळत नाही. मित्रांनो, तुमच्या अंगणात कधी चिंधी बांधलेलं फळ दिसलं तर कितीही भूक लागली तरी त्याला हात लावू नका. ते तुमच्याच पुढच्या वर्षाचं आहे. आणि पिकलं की त्याचं थोडं बी शेजारी नक्की द्या.