अर्ध्या तासाचा बाप

माझा धाकटा दीर हिरालाल रशियात वारल्याची तार आली, तेव्हा त्याच्या बायकोची, माझ्या जावेची, कांताची मुलगी दोन दिवसांची होती. भिलाईच्या कारखान्याने हिरालालला भट्टीचं काम शिकायला तिकडे धाडलं होतं, आणि तिथे त्याला न्यूमोनियाने गाठलं. चौदा तारखेला रात्री साडेदहाला गेला, असं तारेत होतं.

आमच्या सासूबाई, गयाबाई, नातीला मांडीवर घेईनात. "बापाले गिळून आली," म्हणाल्या. पोरगी मध्यरात्रीनंतर साडेबाराला झाली, म्हणजे सरकारी पंधरा तारखेला. पण सूर्य उगवल्याशिवाय सासूबाईंचा दिवस काही बदलत नसे. एकाच दिवशी एक गेला आणि एक आली, एवढंच त्यांना दिसत होतं.

शेवटी आमच्या यजमानांनी, हिरालालच्या थोरल्या भावाने, समजूत घातली. "माय, हिरा साडेदहाले गेला, पोरगी साडेबाराले झाली. जे जन्मलीच नव्हती, ते कशी गिळन?" सासूबाईंनी नातीला उचललं आणि त्या पोराच्या नावाने पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मला हायसं वाटलं. एरवी ही म्हातारी ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

कांता मात्र त्या हिशेबाने आणखीच खचली. "म्हंजे हे आली तवा इचा बाप या जगातच नव्हता, जाऊबाई," एवढंच घोकत राहायची.

मग एक दिवस ओमप्रकाश भेटायला आला. हा रशियन साहेबांचा दुभाषी, हिरालालचा दोस्त. बोलता बोलता त्याने सांगितलं, की सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, म्हणून तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तारेतली वेळ तिकडची. तिथे चौदा तारखेचे साडेदहा झाले, तेव्हा भिलाईत पंधरा तारीख लागून एक वाजला होता.

कांताने बोटांवर मोजलं. "अर्धा घंटा," ती म्हणाली. "अर्धा घंटा होता इचा बाप." तारेनंतर तिचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना सांगायला ती धावतच आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

आत सासूबाई नातीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या, तिच्याशी बोबडं बोलत होत्या. पोरगी आधी आली आणि बाप मग गेला, हे कळलं असतं तर त्यांनी तिला पुन्हा हात लावला नसता. हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं, कांताला दारातच उमगलं. ती परत फिरली.

"भाऊ, हे घरात कोणालेच सांगू नका," ती ओमप्रकाशला म्हणाली. मला सासूबाईंचा राग आला, कांताचा आला, जगातल्या सगळ्या घड्याळांचा आला. पण तोंड मीही मिटून घेतलं.

पोरीचं नाव रमा ठेवलं. भिलाईच्या हिंदी शाळेत तिचं नाव घालायला आम्ही गेलो, तर सासूबाई हट्टाने सोबत आल्या. मास्तरांनी वडिलांचं विचारलं. घरात ऐकून ऐकून रमाला ते पाठच झालं होतं.

"बाबा तो मेरे होने से पहले ही चले गए," ती म्हणाली.

मास्तरांनी कांताकडे पाहिलं. सासूबाईंचा हात रमाच्या डोक्यावर होता.

"हाँ जी," कांता म्हणाली.