पांढऱ्या पट्ट्याच्या वर

दुसऱ्या मोजणीचा अहवाल वाचला आणि तिचं डोकंच फिरलं. जुन्या जंगलात दोन मीटरहून जास्त घेराची निदान तीस झाडं भरली, तर तिथे करवत आणि मोटार दोन्ही बंद, असा नियम. तिने मोजली तेव्हा चौतीस भरली होती. मामाच्या माणसांनी मोजली, तर एकवीस. महिन्याभरात तेरा झाडं रोडावली होती.

मामा गावच्या परिषदेचा अध्यक्ष, वर लाकूड गिरणीचा मालक.

अहवालातले फोटो तिने मोठे करून पाहिले. मोजणीदार छातीच्या उंचीवर खोडाला पांढरा पट्टा रंगवतात आणि टेप त्यावरच धरतात, म्हणजे कोणीही मोजलं तरी आकडा तोच यावा. फोटोत टेप पट्ट्याच्या हातभर वर होती, जिथे खोड निमुळतं होतं. ते लपवायचीही कोणाला गरज वाटली नव्हती.

सभागृहात मामाने अहवाल तिच्यापुढे सरकवला. मोजणी अधिकारी म्हणून सही तिची हवी होती. तिने फोटो दाखवले, तर एक सदस्य म्हणाला की पोरगी जरा जास्तच शिकलीय. सगळे हसले.

"हे बघ बाळा," मामा म्हणाला, "गिरणी थांबली तर तुझे दोघे भाऊ घरी बसतील. त्यांना काय झाडांचे घेर वाढणारेस?"

"मग तसं लिही ना. पोटासाठी तोडतोय म्हण. माझ्या सहीने खोटं का खपवतोस?"

"तू नाही केलीस, तर दुसरा अधिकारी नेमीन, तो करेल."

हे मात्र खरं होतं. ती तणतणत निघून गेली असती, तर संध्याकाळच्या आत दुसरी सही झाली असती. तिने पेन मागितलं. मामाचा चेहरा सैलावला.

प्रत्येक झाडापुढे 'टेपची उंची' हा रकाना होता. मामाच्या माणसांनी तो कोराच सोडला होता. तिने पहिल्या झाडापुढे लिहिलं, 'पट्ट्याच्या हातभर वर'. मग दुसऱ्यापुढे. चौतिसाव्यापर्यंत पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटायचाच बाकी राहिला. खाली सही ठोकून तिने अहवाल कारकुनाला दिला. तो नियमाचा माणूस. त्याने शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक घातला आणि मग वाचलं.

"साहेब, उंची चुकलीय," तो म्हणाला. "ही मोजणी बाद. पहिलीच धरावी लागेल."

मामा उठला. "थांब, तुझ्या आईलाच सांगतो."

"सांग," ती म्हणाली. "फोटो मी दाखवते."