पुढच्या वर्षीची शिपाई

सान होआकिनची गावसभा एकदा बसली की लवकर उठत नाही. इराईस कोपऱ्यातल्या बाकावर वही घेऊन बसली होती. मानववंशशास्त्रातल्या पीएचडीसाठी तिने तीन वर्षं या डोंगरात ठाण मांडलं होतं. प्रबंध झाला होता, फेब्रुवारीत राजधानीतल्या विद्यापीठात तोंडी परीक्षा दिली की सुटली. सभेत आपण तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं, हा तिचा नियम. भारी शिस्तीची पोरगी!

चिटणीस पुढच्या वर्षीच्या बिनपगारी गावकामाची नावं वाचत होता. ज्याला जमत नसेल त्याने तिथल्या तिथे उठून सांगायचं. गप्प बसला तो कबूल झाला.

"गावशिपाई, इराईस मोन्तेलोंगो."

तिने इमानेइतबारे लिहून घेतलं. आडनाव पुरं झालं आणि हात थांबला. तोवर चिटणीस तीन नावं पुढे गेला होता.

"अहो, हे काय!" ती ताडकन उठली. "मी कशी शिपाई?"

सभा खो खो हसली.

"दंडुका मिळेल की," गावप्रमुख फाउस्तिनोआजोबा म्हणाले. "जानेवारीपासून वर्षभर गाव सोडायचं नाही, एवढंच. मघाशी का नाही बोललीस?"

"माझी परीक्षा आहे आजोबा! ती चुकली तर पदवी गेली. आणि मी काही या गावची नाही."

हसणं थांबलं. शेजारी एदुविहेसमावशी बसली होती, तिच्याच घरी इराईस राहायची. "गावची नाहीस? मग रस्त्याच्या कामाला आमच्याबरोबर दगड कशाला वाहिलेस? माझा नवरा गेला तेव्हा नऊ दिवस चुलीपाशी बसून मक्याच्या पानांत तमाले कशाला बांधलेस गं?"

"अभ्यासासाठी," इराईस बोलून गेली.

बोलली आणि स्वतःच हादरली. खोटं होतं ते. त्या नऊ दिवसांत तिने वहीला हातही लावला नव्हता, ढसाढसा रडली होती. पण आता कोण ऐकणार?

"खोडा नाव," आजोबा म्हणाले. चिटणीसाने रेघ ओढली. कुणी शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"मावशी, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

मावशीने मांडीवरची परडी उचलली आणि दोघींच्या मध्ये बाकावर ठेवली.

"दोनची बस आहे, बाई," ती म्हणाली. "निघा तुम्ही. परीक्षा आहे ना तुमची."