सासऱ्यांचा पक्ष

आमच्या व्हर्जिनियात मत मनात ठेवायची सोय नाही. कोर्टासमोरच्या चौथऱ्यावर चढायचं, शेरीफ विचारतो, आपण उमेदवाराचं नाव ओरडायचं. ज्याचं नाव घेतलं तो उठतो, कमरेत वाकून आभार मानतो. उरलेले शिव्या घालतात.

माझे होणारे सासरे हेझेकाया क्रॉली कट्टर फेडरलवाले. टोपीवर पक्षाची खूण, काळ्या फितीचं फूल. झोपतानाही टोपी काढत नाहीत, असं त्यांची मुलगी डॉर्कस सांगते.

"एनॉक, दुसऱ्या पक्षाचं नाव तोंडातून निघालं, तर पोरगी विसर," ते म्हणाले.

मी ज्याच्याकडे गाड्यांची चाकं बनवतो तो प्रॉक्टर नेमका दुसऱ्या पक्षाचा, रिपब्लिकन. "त्या इंग्लंडच्या राजाच्या तळवेचाटू फेडरलवाल्यांना मत दे, आणि उद्यापासून चाकं सासऱ्याच्या अंगणात बनव!"

आणि बेकार पोराला क्रॉलीकाका पोरगी देणार नव्हतेच. म्हणजे कुठूनही डॉर्कस गेली.

मतदानाच्या दिवशी मी गळ्याला फडकं गुंडाळून गेलो. आवाज बसलाय, अशी खूण केली. प्रॉक्टरने औषध म्हणून रम पाजली. काका कसे मागे राहतील? त्यांनीही पाजली. दोन्ही पक्षांची रम घशाखाली उतरल्यावर आवाज नको इतका खणखणीत झाला.

"बोल, कुणाला?" शेरीफ म्हणाला.

डावीकडे काका, उजवीकडे प्रॉक्टर, मागे जिन्यावर माणसंच माणसं.

"श्रीयुत हेझेकाया क्रॉली!" मी ओरडलो.

काका तर उमेदवारही नव्हते. पण रिवाज तो रिवाज. ते उठले, टोपी काढली, वाकले. गावाने त्यांचं टक्कल प्रथमच पाहिलं.

"वा रे पठ्ठ्या! फेडरलांची मतं फोडलीस!" प्रॉक्टरने पाठ थोपटली. माझं काम टिकलं.

मग गंमत म्हणून आणखी काहींनी काकांचंच नाव घेतलं. फेडरल उमेदवार तेवढ्यानेच पडला. पक्षाने काकांना हाकलून दिलं.

"हाकलतायत काय! जनतेनं हाक मारलीय," म्हणत काकांनी काळं फूल उपटून हिरवं लावलं. नवा पक्ष. चिटणीस मी.

"आणि लग्न, काका?"

"आधी पक्ष निवडून येऊ दे, जावईबापू. लग्न झालं की जावई ऐकत नाही."

काल पक्षाची पहिली सभा झाली. काका बाहेर घोडा बांधत होते, तेवढ्यात निम्मा पक्ष फुटला आणि फुटलेल्यांनी नवा उमेदवार पुकारला.

रिवाजाप्रमाणे मी उठलो आणि वाकलो. वाकलेलोच होतो, तेव्हा दार उघडलं.