पाहुणा उठला

मी पाठुंगळीचा कपडा बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण आम्ही मैदानाबाहेरच्या रांगेत उभे आहोत आणि फाटकावर बंदूकवाले आहेत. मी माझ्या मालकिणीच्या, अक्पेनेच्या कमरेला आहे. माझ्यावरून तिने दुसरं कापड नेसलंय, त्यावर राष्ट्राध्यक्षांचा हसरा चेहरा छापलाय. त्या चेहऱ्याखाली माझा जीव घुसमटतोय.

माझा जन्म एकवीस वर्षांपूर्वीचा. त्याआधी एकच म्हातारा या देशावर सव्वीस वर्षं बसून होता. शाळेत, दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात त्याचाच फोटो. शेवटी लोक रस्त्यावर आले. मग पाद्री, वकील, मास्तर, कोळी, विद्यार्थी असे सगळे एका सभागृहात चार महिने भांडले आणि त्यांनी नवी घटना लिहिली. तिच्यातलं एक कलम बाजारातल्या बायकांनाही तोंडपाठ झालं: राष्ट्राध्यक्षाने पाच वर्षं बसावं, फार तर दोनदा, मग घरी जावं.

आमच्याकडे लग्न असो की मयत, त्याचं खास कापड छापून निघाल्याशिवाय ते झालं असं कुणी मानत नाही. मग त्या कलमाचंही कापड निघालं. निळ्या जमिनीवर दोन-दोन रिकामी लाकडी आसनं, पिवळा काठ, आणि काठावर अक्षरं: ‘दोनदा. मग घरी.’ नव्या कापडाला नाव द्यायचा मान बाजारातल्या बायकांचा. लोगोसू नावाच्या तोंडाळ कापडवालीने मला अंगावर टाकलं आणि म्हणाली, “अगं बायांनो, हा तर ‘पाहुणा उठला’!” सगळा बाजार खिदळला. तेच माझं नाव पडलं.

अक्पेने तेव्हा लवकरच आई होणार होती. मासे धुरावर सुकवून विकायची. तिने लोगोसूकडून सहा वार घेतले. त्यातून तीन भाऊ निघाले: एक कमरेचा, एक चोळीचा आणि तिसरा मी, बाळाला पाठीशी बांधायचा. तिची मुलगी यायरा माझ्यातच वाढली. ‘दोनदा’ या शब्दावर तिची लाळ इतकी गळायची की तो शब्द आजही जरा फिकट आहे.

माझा सगळ्यात सुखाचा दिवस सांगू? नव्या घटनेतला पहिला राष्ट्राध्यक्ष दहा वर्षांनी खरंच उठला. चावी दिली, हात हलवला आणि आपल्या गावी अननस लावायला गेला. त्या दिवशी बायका मला नेसून पाय दुखेपर्यंत नाचल्या.

दुसऱ्याची दहा वर्षं यंदा भरली. पण एवढ्या वर्षांत मला एक कळलंय. ‘मी उठणार नाही’ असं कुणीच म्हणत नाही. ‘लोक मला उठू देत नाहीत’ असं म्हणतात. याने घटनेत दोन-चार ओळी बदलल्या, म्हणाला, घटना नवी झाली, आता मोजणी पुन्हा एकपासून. पाटी पुसली की झालं!

मग भीती आली. मला नेसू नका असा कायदा कुठेच निघाला नाही. फक्त मासळीबाजारातून मला नेसलेल्या दोघींना जीपमध्ये घातलं. एक आठ दिवसांनी परत आली, ती आता कुणाशी बोलत नाही. दुसरी आलीच नाही. त्या रात्री अक्पेनेने माझे दोन्ही भाऊ मासे सुकवायच्या भट्टीत घातले. मी पाहत होतो. मला मात्र तिने कसाव्याच्या कंदाच्या रव्याच्या डब्यात तळाशी दडवलं.

लोगोसू आता राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या महिला शाखेची प्रमुख आहे. पूर्वी अक्पेने तिला ‘अगं’ म्हणायची, आता ‘मादाम’ म्हणते. मागच्या आठवड्यात ती घरोघरी चेहऱ्याचं कापड वाटत आली. “शनिवारी राष्ट्राध्यक्षांचा पुन्हा शपथविधी. नेसून यायचं. हजेरी मी घेणार,” म्हणाली. बोलताना तिची नजर जमिनीवर होती.

काल यायराला मी डब्यात सापडलो.

“आई, उद्या मी हा नेसणार.”

“ठेव तो! मरायचंय का तुला?”

“मग उलटा नेसते. आतलं कुणाला दिसणार?”

“वेडी की काय! दोन्ही बाजूंनी छापलेला आहे तो. उलटी बाजू असती तर एवढे पैसे मोजले असते का मी?”

यायरा हसली, पण हट्ट सोडेना. “कुणीतरी नेसायलाच हवा ना, आई?”

आज पहाटे अक्पेनेने झोपलेल्या पोरीच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि मला नेसली. मला चापून बसवताना पुटपुटली, “नेसायचाच तर मी नेसते. आईच्या वयाच्या बाईला मारताना त्यांचा हात तरी लाजेल.” राष्ट्राध्यक्षांची गाडी समोर आली की वरचं कापड सोडायचं, एवढंच तिने ठरवलंय.

रांग पुढे सरकतेय. फाटकाशी मादाम वही घेऊन एकेकीच्या नावावर खूण करतेय. तिच्या मागे दोन पावलांवर शिपाई.

आता आमची पाळी. चेहऱ्याचं कापड आखूड आहे. त्याच्याखाली माझा पिवळा काठ दोन बोटं दिसतोय, आणि मादामची पेन्सिल थांबलीय.

बाई, तू मला नाव दिलंस. मला ओळखू नकोस. ओळखलंसच तर मला फेडून घे, भट्टीत घाल, मी कपडाच आहे. पण हिला घरी जाऊ दे. पोर कुलपाआड आहे, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या गाठीत बांधलेली आहे.